हलवा घोटायला आलेला माणूस

त्या वर्षी नव्याचा सण येऊच नये, असं मला मनापासून वाटत होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडची, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी यहुदी माणसं. आमचं नवं वर्ष गणपतीच्या आगेमागे सुरू होतं आणि त्यालाच आमच्यात नव्याचा सण म्हणतात. त्या दिवशी देव प्रत्येकाच्या पुढच्या वर्षाचा न्याय करायला बसतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आदल्या वर्षी माझा जो न्याय झाला, तो काही माझ्या पचनी पडला नव्हता. सणानंतर तीन-चार महिन्यांनी माझं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हापासून मी सिनेगॉगमध्ये जायची ती इतरांबरोबर जायचं म्हणून. ओठ हलवायची, पण मागायची काहीच नाही. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला पुन्हा आपण काय सांगायचं, असा माझा रुसवा होता.

आम्ही घोडपदेवला चाळीत दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहायचो. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे परळला रेल्वेच्या कारखान्यात होते. तिसऱ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणायची. स्वभावाने त्या वाईट नव्हत्या, पण गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. आदल्या वर्षी आमच्या ह्यांना विषमज्वर झाला होता, म्हणून सणाचा हलवा घरात झाला नाही. पुढे माझं मूल गेलं तेव्हा आईंनी त्या दोन गोष्टींचा संबंध माझ्यासमोर कधी जोडला नाही. पण उमरखाडीहून त्यांची बहीण भेटायला आली असताना, ‘घरात नव्याचं गोड झालं नाही ना,’ एवढं त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि मी ते मोरीतून ऐकलं. मी मुलांना आरोग्यशास्त्र शिकवणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी स्वतःला बजावलं, आणि मग नळ मोठा सोडून पुष्कळ रडले.

आता मला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा महिना लागत आला होता. परळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की जड उचलायचं नाही, अंगाला हिसका बसेल असं काम करायचं नाही. आणि नेमका तोंडावर चिकाचा हलवा.

ज्यांनी हा हलवा केलेला नाही त्यांना माझा वैताग कळायचा नाही. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळून त्याचा पांढरा चीक काढायचा. तो रात्रभर स्थिर होऊ द्यायचा आणि वरचं पाणी ओतून द्यायचं. आमच्यात मटणाच्या जेवणानंतर दूध-तूप चालत नाही, म्हणून हलव्याला नारळाचं दूध. म्हणजे नारळ फोडा, खवा, वाटा, पिळा. एवढं सगळं झालं की खरं काम सुरू होतं. चीक, नारळाचं दूध आणि साखर टोपात घालून शेगडीवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी होते, तळ लागतो. घट्ट होत जाईल तसं ते उलथन्याला असं धरून ठेवतं की खांदा निखळून पडेलसं वाटतं. आमच्या घरी ढवळायचं काम ह्यांचं असे. बाकीचं आईंचं. पण आई सणाच्या आठवडाभर आधी मोरीत घसरल्या आणि मनगट मोडून हात प्लास्टरमध्ये घालून बसल्या. तेव्हा चीक काढायला शेजारणींची मदत घेतली, त्यात आईंच्या खाटेवरून चाललेल्या सूचना. गहू कमी भिजलेत, पाणी नीट ओतलं नाही, नारळ जून निघालाय. मी एकदा म्हटलंसुद्धा, की यंदा भायखळ्याहून मिठाई आणू. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी मुकाट्याने खोबरं खवायला घेतलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे. मुंबईसकट महाराष्ट्र मिळण्याऐवजी द्वैभाषिक राज्याचा निर्णय दिल्लीत झाला होता आणि सगळं गिरणगाव धुमसत होतं. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, हरताळ. आमचे हे त्यात पुरते गुंतलेले. जेवताना एक घास तोंडात आणि एक भाषण. तरी सणाच्या आदल्या दिवशी अर्धी रजा काढून दुपारी घरी येतो, टोपाला हात तू लावायचा नाहीस, असा शब्द त्यांनी मला दिला होता. दिवस बुडाला की सण लागणार. त्याआधी हलवा ताटात थापून व्हायला हवा होता.

दुपार झाली, हे आले नाहीत. खालून बातम्या येत होत्या, की लालबागला मोर्चा अडवलाय, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, बस बंद आहेत. मी गॅलरीत जाऊन उभी राहायची, परत यायची. गणपती तीन-चार दिवसांवर आल्यामुळे निम्मी चाळ, चीक काढू लागलेल्या शेजारणींसकट, कोकणात गेली होती. जे पुरुष उरले होते ते मोर्चात. शेजारच्या खोलीत नुकतीच बाळंतीण झालेली मुलगी आणि तिची आई, त्यांना कसं बोलावणार? इकडे चिकाला आंबूस वास येऊ लागला होता. पावसाळी हवेत तो आणखी टिकला नसता. आई म्हणाल्या की तो एवढ्यात येईलच, तू नुसता टोप चढवून ठेव, पातळ आहे तोवर ढवळायला काही लागत नाही. मला खरं तर तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण मी टोप चढवला.

पातळ होतं तोवर काही लागलं नाही. मग लागायला लागलं. उजवा हात भरून आला, डावा घेतला. धुराने डोळे चुरचुरत होते, म्हणून दार सताड उघडं ठेवलं होतं. माझ्या मनात ह्यांच्याविषयीचा राग आणि ह्यांच्याविषयीची भीती अशी काही एकत्र झाली होती, की कुठली कुठे संपते कळत नव्हतं. लाठी लागली असेल का? धरून नेलं असेल का? की सभेत उभे राहून टाळ्या वाजवत असतील? आई खाटेवरून प्रार्थना म्हणत होत्या आणि मध्येच थांबून ‘तळ खरवड, तळ खरवड’ म्हणत होत्या. आणि मग ओटीपोटात एक कळ आली. फार मोठी नाही, पण ओळखीची. गेल्या वर्षी सुरुवात अशीच झाली होती.

मी आईंना काही बोलले नाही. भिंतीवर एलियाहू हन्नाबीची तसबीर होती. अग्नीच्या रथातून आकाशात जाणारा, पांढऱ्या दाढीचा. आमच्या लोकांचा हा फार लाडका नबी, म्हणजे प्रेषित. अडचणीत हाक मारली की कुणाच्याही रूपात येतो, अशी श्रद्धा. मी उलथनं फिरवता फिरवताच त्या तसबिरीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “सगळ्यांच्या हाकेला धावतोस म्हणतात. मग ये आणि हे ढवळ. तुला वेळ नसेल तर दुसरा कोणी पाठव, पण आत्ता पाठव.”

आई प्रार्थना म्हणायच्या थांबल्या. सणाच्या तोंडावर नबीला असं नोकरासारखं बोलावलेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या मला काही बोलणार, तोच जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला आणि एक माणूस थेट आमच्या खोलीत शिरून दाराआड उभा राहिला.

आडव्या अंगाचा, तिशीतला गडी. सदरा खांद्यापासून फाटलेला, एका पायात चप्पल, डोळे अश्रुधुराने लालभडक आणि नाक वाहतंय. तो धापा टाकत आईंना म्हणाला, “मावशे, पाच मिन्टा. पाठसून पोलीस येतत.”

आज मला सांगताना हसू येतं, पण त्या क्षणी मला नबीही आठवला नाही आणि पोलीसही. मला फक्त दोन धडधाकट हात दिसले. मी म्हटलं, “नुसते उभे राहू नका. हात धुवा आणि हे ढवळा.”  आईंनी खाटेवरूनच मोरी दाखवली, पाय धू, ती चप्पल बाहेर काढ, सदऱ्याला नाक पुसू नकोस, असं एका दमात सांगितलं. निखाऱ्यांना हात लावायचा नाही, आमच्या अन्नाखालचा विस्तव आमच्याच हातचा लागतो, हेही सांगितलं. बिचाऱ्याने मुकाट्याने सगळं केलं आणि शेगडीपुढे मांडी घालून बसला. मी उठले आणि खाटेच्या कडेला टेकले.

लगोलग एक हवालदार वर आला. पिवळी टोपी काखेत, घामाने डबडबलेला, वयाने आमच्या ह्यांच्यापेक्षा बराच मोठा. त्याने दारातून आत पाहिलं. एक म्हातारी, एक पोटुशी बाई आणि टोपावर वाकलेला एक पुरुष. त्याने विचारलं की हा कोण.  उद्या न्यायाचा दिवस, त्याच्या आदल्या दिवशी आई खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. दर वर्षी त्या दिवसांत त्या शेजारणीच्या आमटीलासुद्धा खोटं चांगलं म्हणत नसत.

आई म्हणाल्या, “आमचा सणाचा हलवा घोटतोय. डोळ्यांनी दिसतंय ना? मला प्लास्टर, हिला दिवस गेलेत. याचा हात थांबला तर हलवा तुम्ही घोटणार का?”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.  हवालदाराने पाणी मागितलं, प्यायला, आणि आमच्याच दाराबाहेर गॅलरीतल्या बाकावर बसकण मारली. त्याला जिन्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं म्हणे.

आता त्या माणसाला थांबताच येईना. पाच मिनिटांसाठी आलेला तो, दुपार कलली तरी ढवळतच होता. आणि खरं सांगते, देवाने पाठवलेल्या माणसाचा इतका वैताग मला कधी आला नसेल. त्याला काही म्हणजे काही जमत नव्हतं. मधोमध गोल गोल फिरवायचा, कडा तशाच सोडायचा. दर थोड्या वेळाने ‘झाला’ म्हणायचा. आई म्हणायच्या नाही झाला. यात तूप का नाही, तुपाशिवाय कसला हलवा, असं त्याने विचारलं. आईंनी सांगितलं, तर त्याला ते पटलं नाही. आवाज खाली आणून तो मला द्विभाषिकाचे तोटे समजावून सांगू लागला, जणू आमच्या घरी त्याची कमतरता होती. सांगता सांगता हात ढिला पडायचा, की आई बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या, “अरे, थांबू नकोस.” एका बाजूने त्याने हलवा लावलाच. करपट वास आला तेव्हा मी इतकी चिडले की उठून उलथनं हिसकावून घेणार होते. पण आईंनी आपल्या चांगल्या हाताने माझा दंड धरला आणि मला खाली बसवलं. मला वाटलं, बाहेरच्या हवालदाराच्या भीतीने.

मी पदराखाली पोटावर हात ठेवून बसले होते. दुसरी कळ कधी येते त्याची वाट बघत होते. तोंडाने त्याला ‘कडेने घ्या, कडेने’ म्हणत होते आणि मनात मिनिटं मोजत होते. कळ पुन्हा आली, पण आधीच्यापेक्षा हलकी. मग बराच वेळ आली नाही. तरी मला विश्वास वाटेना. मी देवाला म्हणत होते, एवढं तरी कर. आणि लगेच स्वतःवरच चिडत होते, की मला मागायचं नव्हतं ना काही.

अखेर हलवा टोपाच्या कडा सोडून गोळा होऊ लागला, बाजूने खोबऱ्याचं तेल सुटलं. आईंनी वाकून पाहिलं आणि झाला म्हणाल्या. त्या माणसाने उलथनं खाली ठेवलं तेव्हा त्याची बोटं सरळ होत नव्हती. त्यानेच ताटांत ओतला, मी फक्त वेलची आणि बदामाचे काप पसरले. आईंनी टोपात लागलेला थोडा गरम हलवा एका बशीत काढून हवालदाराला द्यायला सांगितला. त्याने फुंकर घालत खाल्ला. यंदा गणपतीला गावी जायला मिळणार नाही, रजा बंद आहेत, असं तो मला उगाचच म्हणाला. बशी परत देताना टोपी डोक्यावर चढवली आणि माझ्याकडे न बघता हळूच बोलला, “आतल्या माणसाला सांगा, मागच्या जिन्याने उतरू नको म्हणावं. तिथं अजून माणसं उभी आहेत.” आणि तो निघून गेला.

आईंनी फाटका सदरा बघून त्या माणसाला ट्रंकेतला एक सदरा काढून दिला. हलव्याच्या वड्या अजून पडायच्या होत्या, म्हणून त्याला घरी न्यायला काही देता आलं नाही. त्याने आईंच्या पायाला हात लावला, मला म्हणाला, “वैनी, ह्या काम माझ्या शत्रूवर पन नको,” आणि पुढच्या जिन्याने, एकाच चपलेने, उतरून गेला. नाव विचारायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

आमचे हे आले ते दिवस मावळायच्या बेताला, पायी, भोईवाड्याकडून वळसा घालून. कारखान्याचं फाटकच संध्याकाळपर्यंत उघडलं नव्हतं म्हणे. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी पंचा त्यांच्या अंगावर फेकला. हात-पाय धुऊन त्यांनी ट्रंक उघडली आणि सणासाठी इस्त्री करून ठेवलेला आपला नवा सदरा कुठे गेला, असं विचारलं. आई म्हणाल्या, गेला चांगल्या अंगावर.

दिवे लावले. मनुकांच्या शरबतावर ह्यांनी आशीर्वाद म्हटला, खजूर आणि डाळिंब झालं, आणि आईंनी हलव्याची पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. एका कडेला करपलेली होती. मी ती तोंडात घातली आणि तेवढ्यात पोटात काहीतरी हललं. पाण्यात मासोळी वळावी तसं, एकदाच. मी चावायची थांबले. पुन्हा हललं. पहिल्या वेळेला मी इथपर्यंत पोचलेच नव्हते, त्यामुळे हे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. तरी ते काय आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

मी रडायला लागले तसे हे घाबरले. तेव्हा मी आईंना दुपारच्या कळेचं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “मी बघत होते की. तुझा हात पदराखाली गेला तेव्हाच कळलं मला. म्हणून त्याला थांबू देत नव्हते, तो उठला असता तर तू टोपापुढे बसली असतीस.” मी विचारलं, मग मला टोप उतरवायला का सांगितलं नाही? त्यावर त्या जरा वैतागूनच म्हणाल्या, “अगो, मी मोरीत ओतला असता तो. पण तू ओतू दिला असतास?”

 मी ओतू दिला नसता, हे खरं होतं. वर्षभर मी आईंची भोळी समजूत म्हणून जी मनातल्या मनात हिणवत होते, ती माझ्याच मनात मूळ धरून बसली होती. हलवा बिघडला तर मूल जाईल, या भीतीने मी मूल घालवायला निघाले होते. मला सांगून मी ऐकणार नव्हते. देवावर सोपवायला माझा हात मोकळा नव्हता, त्यात उलथनं होतं. ते काढून घ्यायला कुणीतरी दारातून धावत यावं लागलं.

थंडीत मला मुलगी झाली, नऊ महिने पुरे भरून. आईंनी एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा, खोबऱ्याचा आणि फळांचा मलिदा केला आणि मजल्यावर सगळ्यांना वाटला. पुढे एका सभेत ह्यांना आपला सदरा दिसला. तो माणूस भोईवाड्यात राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, घरी बायको आणि दोन मुलं होती. ह्यांनी मोठ्या उत्साहाने घरी येऊन आईला सांगितलं, की तुझा नबी मालवणचा आहे आणि विड्या ओढतो. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तो स्वतः आला असं मी कधी म्हटलं? हिने दुसरा कोणी पाठव म्हटलं होतं, त्याने पाठवला.”

यावर वाद घालायचा मी तेव्हाही प्रयत्न केला नाही आणि आजही करत नाही. लाठीमार झाला म्हणून तो पळाला, दार उघडं होतं म्हणून आत आला, हवालदार थकला होता म्हणून बसला. हे सगळं मला कळतं. तरी आमच्या चाळीला इतकी दारं असताना त्याने माझं गाठलं, याबद्दल मी कुणाचे तरी आभार मानले पाहिजेत, आणि मी ते मानते. मागणं मी पुन्हा सुरू केलं. स्वभावाला औषध नाही, चिडूनच मागते. पण जे येईल ते माझ्या पसंतीचं असावं, नीट ढवळणारं असावं, ही अट मी सोडली आहे. दारात जो येईल त्याला आधी आत घेते, हातातलं काम त्याच्या हातात देते आणि आपण बाजूला बसते.